जावा वेब ॲप्लिकेशन: कोणता ऑब्जेक्ट किती जगतो आणि त्याला किती थ्रेड हात लावतात

चाचणीत सगळं ठीक असतं. लाइव्ह गेल्यावर मात्र दिवसातून एखाद्या वेळी एका ग्राहकाला दुसऱ्याच्याच नावाची पावती दिसते. लॉगमध्ये एरर नसते आणि पुन्हा करून पाहावं तर तसं होत नाही. अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी सिंक्रोनाइज्डकडे जातो, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एका धाग्याला) आत सोडणाऱ्या जावाच्या कुलपाकडे. तो जरा आवरा. यातले बरेच घोटाळे लॉक नसल्यामुळे झालेलेच नसतात. माहिती असते एका रिक्वेस्टपुरती, आणि ठेवलेली असते सर्व्हर चालू असेपर्यंत जगणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये. दुखणं आयुष्याचं असताना औषध कुलपाचं दिलं, तर ॲप हळू होतं आणि दुखणं तसंच राहतं.

म्हणून इथला क्रम असा: आधी कोण किती जगतं ते नक्की करायचं, माहिती योग्य ठिकाणी हलवायची, आणि त्यानंतरही जे सगळ्यांत मिळून वापरावंच लागतं, तेवढ्याचाच बंदोबस्त करायचा.

पायरी १: ऑब्जेक्टची हजेरी घ्या

एक कोरा तक्ता घ्या आणि प्रत्येक महत्त्वाच्या क्लाससमोर चार गोष्टी लिहा: त्याला जन्म कोण देतो (तुमचा न्यू, रिक्वेस्ट हाताळणारे क्लास म्हणजे सर्व्हलेट चालवणारा टॉमकॅटसारखा कंटेनर, की स्प्रिंग फ्रेमवर्क), एकूण प्रती किती, मरतो कधी, आणि एका वेळी किती थ्रेड त्याला हात लावू शकतात. आयुष्याचे ढोबळ प्रकार पाच. ॲप्लिकेशनभर जगणारे, सेशनभर जगणारे, एका रिक्वेस्टपुरते, एका मेथडपुरते, आणि पाचवा प्रकार लोक विसरतात तो: थ्रेडइतके जगणारे. टॉमकॅटमध्ये रिक्वेस्ट संपते पण थ्रेड संपत नाही. तो पूलमध्ये परत जातो आणि पुढच्या माणसाची रिक्वेस्ट घेऊन येतो. हे लक्षात असलं की पायरी ५ मधला निम्मा गोंधळ आधीच कळतो.

टॉमकॅटचे मूळ आकडेही तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: कामाचे थ्रेड जास्तीत जास्त २००, रिकामे असले तरी जिवंत ठेवलेले १०. म्हणजे ॲप्लिकेशनभर जगणाऱ्या कुठल्याही ऑब्जेक्टवर एकाच क्षणी २०० हात पडू शकतात. लॅपटॉपवर तपासताना पडतो तो एक.

पायरी २: सर्व्हलेटमधली फील्डं रिकामी करा

एका सर्व्हलेट घोषणेमागे कंटेनर एकच इन्स्टन्स बनवतो. इनिट एकदा चालतं, सर्व्हिस हजारो वेळा, आणि डिस्ट्रॉय शेवटी एकदा. इनिट पूर्ण झाल्याशिवाय एकही रिक्वेस्ट आत येत नाही, त्यामुळे तिथे भरलेली आणि नंतर कधीच न बदलणारी माहिती सुरक्षित असते. बदलणारी माहिती फील्डमध्ये ठेवली की काय होतं, ते एका वीजबिलाच्या पानावर जवळून पाहू. सर्व्हलेटमध्ये ‘ग्राहक’ नावाचं फील्ड आहे.

० मिलिसेकंद: थ्रेड ३ फील्डमध्ये ग्राहक क्रमांक ४१७ लिहितो.
२ मिलिसेकंद: थ्रेड ३ डेटाबेसला ४१७ च्या बिलाची रक्कम विचारतो आणि उत्तराची वाट पाहत थांबतो.
१५ मिलिसेकंद: थ्रेड ७ वर दुसरी रिक्वेस्ट येते. तो त्याच फील्डमध्ये ९०२ लिहितो.
४२ मिलिसेकंद: थ्रेड ३ ला रक्कम मिळते. पावतीवर नाव छापायला तो फील्ड वाचतो, तर तिथे ९०२.

रक्कम ४१७ ची, नाव ९०२ चं. एक्सेप्शन नाही, कारण जावाच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. हा घोटाळा व्हायला दुसरी रिक्वेस्ट त्या ४० मिलिसेकंदांच्या फटीतच यावी लागते. एकटा टेस्टर कितीही भराभर क्लिक करो, तो तिथे पोचत नाही. महिनाअखेरीची गर्दी मात्र पोचते.

उपाय सोपा आहे: ‘ग्राहक’ला फील्डमधून काढून मेथडच्या आत आणा आणि पुढच्या मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. मेथडमधलं व्हेरिएबल त्या थ्रेडच्या स्टॅकवर असतं, दुसऱ्या कुणाला ते दिसत नाही. लॉकची गरजच उरत नाही.

पूर्वी यावर सिंगलथ्रेडमॉडेल नावाचा इंटरफेस होता. एका इन्स्टन्सवर एका वेळी एकच थ्रेड जाईल, एवढंच तो बघायचा. स्टॅटिक फील्डं आणि सेशन तरीही सगळ्यांचीच राहायची. सर्व्हलेट २.४ मध्ये तो कालबाह्य ठरला आणि ६.० मध्ये काढूनच टाकला. जुन्या कोडमध्ये सापडला तर त्याच्या भरवशावर काय काय लिहिलंय ते आधी पाहा, मगच अपग्रेडला हात घाला.

शोधाची रीत: सगळे सर्व्हलेट, फिल्टर, लिसनर, कंट्रोलर आणि सर्व्हिस क्लास उघडा आणि फायनल नसलेलं प्रत्येक फील्ड वेगळं काढा. त्यानंतर फायनल असलेलीही बघा. फायनल हॅशमॅप म्हणजे डबा बदलत नाही एवढंच, आतला माल कोणीही बदलू शकतो.

पायरी ३: स्प्रिंग आणि सीडीआयचे स्कोप नीट वाचा

स्प्रिंगमध्ये काही न सांगता बनवलेलं बीन (स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं तो ऑब्जेक्ट) सिंगलटन असतं, म्हणजे त्या स्प्रिंग कंटेनरमागे एक. कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी सगळे त्यातच येतात. बीन एकच ठेवण्याची जबाबदारी स्प्रिंग घेतं, ते थ्रेड-सेफ ठेवण्याची नाही. सर्व्हलेटचा नियम इथेही तसाच लागू.

सापळा आहे तो प्रोटोटाइपचा. ‘दर वेळी नवा ऑब्जेक्ट हवा’ म्हणून प्रोटोटाइप स्कोप लावतात आणि तो सिंगलटन सर्व्हिसमध्ये कन्स्ट्रक्टरमधून घेतात. सर्व्हिस एकदाच बनते, म्हणून तो प्रोटोटाइपही एकदाच मागवला जातो आणि पुढे सगळे थ्रेड तोच वापरतात. छोट्या आयुष्याची वस्तू मोठ्या आयुष्याच्या खिशात गेली की तिचं आयुष्यही तेवढंच होतं. दर वेळी नवा हवा असेल, तर सर्व्हिसमध्ये ऑब्जेक्टप्रोव्हायडर घ्या आणि मेथडच्या आत त्याच्याकडून ऑब्जेक्ट मागा. आणखी एक बारकावा: प्रोटोटाइप बनवून दिल्यावर स्प्रिंग त्याचा नाद सोडतं. त्याची प्रीडिस्ट्रॉय मेथड ते चालवत नाही. आत फाइल किंवा सॉकेट उघडत असाल तर बंद करणं तुमच्याकडे.

रिक्वेस्ट स्कोपचं बीन सिंगलटनमध्ये घ्यायचं तर प्रॉक्सीमार्फतच. ती प्रॉक्सी चालू थ्रेडवरची रिक्वेस्ट शोधून योग्य प्रतीकडे वळवते. म्हणूनच पार्श्वभूमीतल्या थ्रेडवरून तिला हाक मारली की ‘रिक्वेस्टच नाही’ असं एक्सेप्शन मिळतं. हे एक्सेप्शन शुभशकुन समजा. चुकीच्या रिक्वेस्टची माहिती मिळण्यापेक्षा बरं.

सीडीआयमध्ये (जकार्ता ईईचं बीन बनवून देणारं तंत्र) काही न सांगितलेलं बीन डिपेंडंट असतं, ज्याच्यात गेलं त्याच्याइतकं जगणारं. ॲप्लिकेशनस्कोप्डला लॉक नसतो. उलट ईजेबीच्या (जकार्ता ईईचाच जुना बीन-प्रकार) सिंगलटनवर कंटेनर आपणहून राइट लॉक लावतो, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत. नुसत्या वाचणाऱ्या मेथडवर रीड लॉक सांगितला नाही, तर सगळं ॲप त्या एका दारात रांग लावून उभं राहतं.

पायरी ४: जे सगळ्यांचं आहे त्याचा बंदोबस्त

आता उरलं ते खरोखर सगळ्यांचं: दरपत्रक, कॅश, मोजणी. इथे पसंतीचा क्रम पक्का ठेवा. आधी न बदलणारा ऑब्जेक्ट, नाही जमलं तर जावाची तयार साधनं, आणि शेवटी लॉक.

तारखांचा सिंपलडेटफॉरमॅट थ्रेड-सेफ नाही. त्याच्या पोटात एक कॅलेंडर आहे आणि प्रत्येक पार्स, प्रत्येक फॉरमॅट त्यावरच लिहितं. स्टॅटिक ठेवलात तर कधी एक्सेप्शन येईल, कधी निमूटपणे भलतीच तारीख. जावा ८ पासूनचा डेटटाइमफॉरमॅटर न बदलणारा आहे, तो बिनधास्त स्टॅटिक ठेवा. पॅटर्न सगळ्यांत वाटता येतो, त्याच्यापासून बनलेला मॅचर नाही. मेसेजडायजेस्ट, सायफर, डॉक्युमेंटबिल्डर हे प्रत्येक कामाला नवे. जॅक्सनचा ऑब्जेक्टमॅपर एकदा सेटिंग करून झाल्यावर सगळ्यांना द्या, मात्र चालू असताना त्याची सेटिंग बदलू नका.

मोजणीतलं ‘एक वाढव’ दिसायला एक काम, प्रत्यक्षात तीन: वाचा, वाढवा, लिहा. दोन थ्रेडनी एकदम १०० वाचलं तर दोघंही १०१ लिहितात आणि एक मोजणी गळते. व्होलटाइल लावून हे सुटत नाही. त्याने ताजी किंमत दिसते, तीन कामांचं एक होत नाही. ॲटॉमिकलाँग वापरा. लिहिणारे खूप आणि वाचणारा क्वचित असेल तर लाँगॲडर.

हॅशमॅपच्या जागी कॉन्करंटहॅशमॅप टाकला की काम झालं, असं वाटतं. ‘की आहे का बघ, नसेल तर टाक’ हे दोन ओळींत लिहिलंत तर प्रत्येक ओळ सुरक्षित आणि जोडी मात्र असुरक्षित. दोन्ही थ्रेडना ‘नाही’ दिसतं, दोघंही टाकतात. त्यासाठी पुटइफॲब्सेंट किंवा कंप्युटइफॲब्सेंट आहे. दुसऱ्यात जे फंक्शन देता त्यात लांबलचक काम करू नका. ते चालू असताना मॅपच्या त्याच कप्प्यातल्या दुसऱ्या कीसुद्धा अडकून राहतात. आणि त्या फंक्शनमधून त्याच मॅपला हात लावू नका.

दरपत्रकासारखी अधूनमधून बदलणारी माहिती असेल तर सगळ्यात स्वच्छ रीत ही: नवा मॅप बाजूला पूर्ण भरा, कॉपीऑफने त्याची न बदलणारी प्रत करा, आणि एका व्होलटाइल फील्डला ती प्रत जोडा. वाचणाऱ्याने मेथडच्या सुरुवातीला ते फील्ड एकदाच लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि पुढे तेच वापरायचं. नाहीतर पहिला दर जुन्या यादीतला आणि दुसरा नव्या, असं एकच बिल होऊ शकतं.

लॉक लावायचाच तर खासगी, फायनल ऑब्जेक्टवर. स्ट्रिंगवर किंवा इंटिजरवर नको, जेव्हीएम त्यांच्या प्रती पुन्हा वापरतं आणि भलत्याच कोडशी कुलूप वाटून घ्यावं लागतं. लॉकच्या आत डेटाबेस किंवा नेटवर्क नको. हिशोब साधा आहे: आतलं काम ५० मिलिसेकंदांचं असेल तर सेकंदाला २० च रिक्वेस्ट जातील, मग मशीनला ४ कोअर असोत की ६४. बाकीचे १९९ थ्रेड दाराशी.

आणि लॉकचं राज्य एका जेव्हीएमपुरतंच. बस आरक्षणात १२ नंबरची सीट दोघांना जाऊ नये म्हणून सिंक्रोनाइज्ड लावलंत आणि पुढे लोड बॅलन्सरमागे दुसरा टॉमकॅट उभा केलात, तर त्या लॉकला काही अर्थ उरत नाही. तिथे कुलूप डेटाबेसचंच हवं: फेरी आणि सीट मिळून युनिक कन्स्ट्रेंट, किंवा जेपीएचा (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायची पद्धत) व्हर्जन कॉलम, जो मधे दुसऱ्या कुणी बदल केला का ते सांगतो. युनिक कन्स्ट्रेंट मोडला की ‘ही सीट नुकतीच गेली’ असा निरोप दाखवा, ५०० चं पान नको.

सेशन एका माणसाचं, पण एका थ्रेडचं नाही

एकाच ब्राउझरचे दोन टॅब, किंवा एकाच पानावरून एकदम सुटलेल्या चार रिक्वेस्ट, यांचं सेशन एकच आणि थ्रेड वेगवेगळे. सेटॲट्रिब्यूट आणि गेटॲट्रिब्यूट सुरक्षित ठेवणं कंटेनरकडे. आत ठेवलेल्या ॲरेलिस्टची जबाबदारी तुमच्याकडे. खरेदीची टोपली ॲरेलिस्टमध्ये असेल, एका टॅबमधून वस्तू टाकली जातेय आणि दुसरीकडे बेरीज चाललीय, तर कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन आलं तर नशीब, कारण निदान कळतं तरी.

सेशनमध्ये न बदलणारी टोपली ठेवा. बदल म्हणजे नवी टोपली आणि पुन्हा सेटॲट्रिब्यूट. सेशनची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जात असेल, तर बदल झाल्याचं कळायलाही हाच मार्ग उपयोगी पडतो. दोन टॅबनी एकदम टाकलेल्या दोन वस्तूंपैकी एक हरवू नये, तर वाचून-बदलून-लिहिण्याला सेशनमागे एक लॉक लागेल. सेशन ऑब्जेक्टवरच सिंक्रोनाइज करू नका, दर वेळी तोच जावा ऑब्जेक्ट मिळेल अशी हमी स्पेसिफिकेशन देत नाही. स्प्रिंगमध्ये त्यासाठी एचटीटीपीसेशनम्युटेक्सलिसनर आहे.

आकारही पाहा. सेशनमागे २०० केबी ठेवलंत आणि टॉमकॅटच्या मूळ ३० मिनिटांच्या मुदतीत ५,००० माणसं येऊन गेली, तर जवळपास १ जीबी हीप (जावाचे ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी) नुसती आठवणींत गेली. सेशनमध्ये आयडी ठेवा, शोधाचे निकाल ठेवू नका.

पायरी ५: थ्रेडलोकल लावाल तिथेच काढा

फिल्टरमध्ये चालू वापरकर्ता थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या खिशात, ठेवायचा, ही सोयीची रीत. पण थ्रेड पूलमध्ये परत जातो तेव्हा खिशातलं तसंच घेऊन जातो. पुढची रिक्वेस्ट लॉगिन नसलेल्या पाहुण्याची असेल, तर त्याला आधीच्याची ओळख मिळते. म्हणून फिल्टरमध्ये सेट केल्याबरोबर ट्राय उघडा, चेनला आत पाठवा, आणि फायनलीमध्ये रिमूव्ह करा. नल सेट करू नका, रिमूव्हच. लॉगिंगच्या एमडीसीलाही (लॉगच्या ओळींना जोडायची थ्रेडमागची माहिती) हाच नियम.

यात मेमरीचाही प्रश्न आहे. थ्रेडलोकलमधला ऑब्जेक्ट तुमच्या ॲपच्या क्लासचा असेल, तर तो क्लासला धरतो, क्लास क्लासलोडरला, आणि क्लासलोडर ॲपच्या सगळ्या क्लासना. एक विसरलेली नोंद, आणि रीडिप्लॉय केल्यावर जुनं अख्खं ॲप मेटास्पेसमध्ये (क्लासची माहिती राहते ती मेमरी) ठाण मांडून बसतं. टॉमकॅट लॉगमध्ये याची सूचना देतो आणि पूलमधले थ्रेड हळूहळू बदलतो. ती सूचना दिसली तर कारण शोधा.

काम दुसऱ्या एक्झिक्युटरकडे (स्वतःचे थ्रेड घेऊन कामं चालवणारा) दिलं की थ्रेडलोकल सोबत जात नाही. मग कुणीतरी इनहेरिटेबलथ्रेडलोकल सुचवतं. तो थ्रेड जन्मताना एकदाच प्रत घेतो, आणि पूलमधला थ्रेड एकदाच जन्मतो. परिणामी सकाळी पहिलं काम देणाऱ्याची ओळख दिवसभर फिरते. स्प्रिंगमध्ये टास्कडेकोरेटर लावा: काम देताना किंमत उचला, काम सुरू होताना ठेवा, संपताना काढा.

जावा २१ च्या व्हर्च्युअल थ्रेडवर जाणार असाल तर महाग ऑब्जेक्टची थ्रेडमागे एक प्रत ठेवायची जुनी युक्ती उलटते. थ्रेड २०० नसून हजारो असतात आणि प्रत्येक एकाच कामापुरता. शिवाय सिंक्रोनाइज्डच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला अडकवून ठेवायचा, ते जावा २४ मध्ये सुटलं. २१ वरच राहणार असाल, तर ज्या लॉकच्या आत वाट पाहावी लागते तिथे रीएन्ट्रंटलॉक वापरा.

पायरी ६: उसनं आणलेलं वेळेवर परत करा

रिक्वेस्ट ऑब्जेक्ट तुमचा नाही, टॉमकॅटचा आहे. उत्तर गेलं की टॉमकॅट तो पुसून पुढच्यासाठी वापरतो. तो पार्श्वभूमीतल्या कामाला देऊन टाकलात, तर तिथून पॅरामीटर रिकामा येईल किंवा दुसऱ्याच कुणाचा. हवं ते आधी साध्या ऑब्जेक्टमध्ये उतरवून घ्या आणि तोच पुढे द्या. उत्तरच उशिरा द्यायचं असेल तर स्टार्टएसिंक, आणि शेवटी न चुकता कम्प्लीट. टॉमकॅटची मूळ मुदत ३० सेकंद.

डेटाबेस कनेक्शन फील्डमध्ये कधीच नाही; ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घ्या, तिथेच सोडा. एंटिटीमॅनेजरफॅक्टरी सगळ्यांत वाटता येते, एंटिटीमॅनेजर नाही.

हिकारीसीपीच्या (डेटाबेस कनेक्शनांचा साठा सांभाळणारी लायब्ररी) पूलमध्ये मुळात १० कनेक्शन असतात आणि न मिळाल्यास थ्रेड ३० सेकंद थांबतो. आता अशी मेथड बघा जी एक कनेक्शन धरून ठेवते आणि आत ‘रिक्वायर्स न्यू’ म्हणजे स्वतंत्र नव्या व्यवहारासाठी दुसरं मागते. १० रिक्वेस्ट एकदम आल्या, दहांनी एकेक घेतलं, आणि आता दहाही जण अकराव्याची वाट पाहत आहेत. सीपीयू शांत, डेटाबेस शांत, ॲप ठप्प. ३० सेकंदांनी एक्सेप्शन येतात आणि थोडा वेळ पुन्हा चालतं, म्हणून ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ म्हणून सोडून दिलं जातं. हिकारीचं सूत्र सांगतं, थ्रेड गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शनं वजा १), अधिक १. २०० थ्रेड आणि दोन कनेक्शनांना २०१. एवढा पूल बांधण्यापेक्षा आतला व्यवहार बाहेर काढा.

पायरी ७: बंद करणंही लिहून ठेवा

सर्व्हलेटमध्ये न्यू थ्रेड करून सोडून देऊ नका. एक्झिक्युटर ॲप सुरू होताना चालणाऱ्या कॉन्टेक्स्टइनिशलाइज्डमध्ये बनवा आणि ॲप बंद होतानाच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये या क्रमाने मिटवा: शटडाउन, मग अवेटटर्मिनेशन २० सेकंद, तरीही काम उरलं तर शटडाउननाउ, आणि त्यानंतर कनेक्शन पूल. क्रम उलटा झाला तर शेवटची कामं बंद पूलवर जाऊन आपटतात. शटडाउननाउ फक्त इंटरप्ट करतं. इंटरप्टेडएक्सेप्शन पकडून गिळणारा लूप त्याला दाद देत नाही, आणि तो थ्रेड डीमन (प्रोसेस बंद व्हायला न अडवणारा) नसेल तर टॉमकॅटची प्रोसेस बंदच होत नाही.

ॲप डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालवत असाल तर घड्याळं जुळवा. डॉकर स्टॉप १० सेकंदांनी प्रोसेस मारून टाकतो, कुबरनेटिस मुळात ३० सेकंदांनी. स्प्रिंग बूटची सावकाश बंद होण्याची मुदतही ३० सेकंद, म्हणजे दोघं एकाच रेषेवर पोचतात आणि प्रीडिस्ट्रॉयला वेळच उरत नाही. आतली मुदत २० करा. जावा एखाद्या शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल, तर तिथे एक्झेक लावलाय का बघा. नसेल तर बंद व्हायचा सिग्नल शेलपाशीच अडतो आणि तुमचं सगळं आवराआवरीचं कोड कधी चालतच नाही.

पायरी ८: तपासणी

एकेका क्लाससाठी: ५० थ्रेड बनवा, सगळ्यांना एका काउंटडाउनलॅचवर थांबवा, एकदम सोडा, प्रत्येकाकडून १,००० वेळा काम करून घ्या. मोजणी ५०,००० च आली पाहिजे. लॅच नसेल तर पहिला थ्रेड काम आटपून मोकळा होईपर्यंत शेवटचा सुरूच होत नाही, आणि चाचणी खोटी पास होते.

अख्ख्या ॲपसाठी जेमीटर या लोड चाचणीच्या साधनात प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी खूण द्या आणि उत्तरात तीच खूण परत आली का, हे रिस्पॉन्स असर्शनने पडताळा. नुसते रिस्पॉन्सचे वेळ मोजून पावत्यांची अदलाबदल कधीच दिसणार नाही, कारण चुकीची पावतीही तितक्याच झटपट येते.

ॲप अडकलं असेल तर जेस्टॅकने १० सेकंदांच्या अंतराने थ्रेडचे तीन डंप (कोणता थ्रेड कुठे आहे त्याच्या याद्या) घ्या. एकाच डंपवरून थ्रेड अडकलाय की नुसता तिथून जातोय हे सांगता येत नाही. तिन्हींमध्ये त्याच ओळीवर ब्लॉक्ड दिसणारे थ्रेड शोधा, ते ज्या लॉकची वाट पाहतात त्याचा पत्ता डंपमध्येच असतो. तो पत्ता ‘लॉक्ड’ म्हणून कुणाकडे आहे ते पाहिलं की गुन्हेगार सापडतो.

शेवटी मेमरी लीक. चाचणी सर्व्हरवर ॲप पाच वेळा रीडिप्लॉय करा आणि टॉमकॅट मॅनेजरमधलं ‘फाइंड लीक्स’ बटण दाबा. ते पूर्ण जीसी (नको असलेली मेमरी साफ करणं) चालवतं, म्हणून लाइव्हवर नको. मॅनेजर नसेल तर जेडीकेमधल्या जेसीएमडीने क्लासचा हिस्टोग्राम (प्रत्येक क्लासच्या किती प्रती आहेत त्याची यादी) काढा, तोही पूर्ण जीसी चालवतो. त्यात पॅरललवेबॲपक्लासलोडरच्या प्रती मोजा. चालू असलेल्या प्रत्येक ॲपमागे एक, एवढ्याच दिसायला हव्यात. तुमचं एकच ॲप चालू असताना सहा दिसल्या तर हीप डंप घ्या आणि जुन्या क्लासलोडरला कोण धरून बसलंय ते बघा. बहुतेक वेळा तिथे एखादा न थांबवलेला टायमर नाहीतर पायरी ५ मधलं न काढलेलं थ्रेडलोकल सापडतं.